रेवाचा बाप

“शालनबाई आल्या का गं?”

“नाही अजून.”

“मग थांब की जरा. पुस्तक काय पळून चाललंय?”

मी पानात बोट घालून पुस्तक मिटलं आणि बसून राहिले. दुपारचे तीन वाजून गेले होते. अण्णा खाटेवर भिंतीला टेकून बसलेले, डाव्या डोळ्यावर हिरव्या कापडाची झापड, मान ताठ, कारण खाली वाकायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. मिरजेला मोतीबिंदू काढून आणून आठ दिवस झाले होते. महिनाभर शिलाई बंद, वाचन बंद, डोक्यावरून आंघोळ बंद. उजव्या डोळ्यालाही अंधूकच दिसायचं. ज्या माणसानं तीस वर्षांत अमावास्या सोडली तर एक दिवस मशीन थांबवलं नव्हतं, त्याला महिनाभर नुसतं बसवून ठेवायचं म्हणजे काय, ते माझं मला ठाऊक.

कुरुंदवाडात आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच आमचं दुकान, ‘हावळ टेलर्स’. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात अण्णा आणि मी, दोघंच. मी तेविसाव्या वर्षात, बी.ए. होऊन घरात साड्यांना फॉल-पिको करत बसलेली. आणि शालनमावशी म्हणजे मागच्या गल्लीतल्या. नवरा जाऊन नऊ-दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. अण्णांच्या कपड्यांची काज-बटणं त्या घरी नेऊन करून आणायच्या. त्या महिन्यात एक कारागीर सकाळी येऊन मशीनवर बसायचा, आणि मावशी दुपारी आमच्याकडेच येऊन जोत्याला पाठ लावून काजं करायच्या.

त्या आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, “सुरू नाही न्हवं केलं? काल ती रेवा त्याच्यावर चिडून गेली, मला रात्रभर चैन न्हाई.”

“मास्तरीणबाई तुमच्यासाठीच थांबल्यात,” अण्णा म्हणाले. मास्तरीण म्हणजे मी.

त्याचं झालं होतं असं. पहिल्या दिवशी मी अण्णांना पेपर वाचून दाखवला. तो अर्ध्या तासात संपला. दुसऱ्या दिवशी हरिपाठ काढला, तर म्हणाले, “तो मला पाठ हाय, तू कशाला घसा सुकवतीस?” मग म्हणाले, “तू ते जेवताना पण हातातनं सोडत न्हाईस, ते काय हाय? तेच वाच मोठ्यानं.”

मेले मी. ते होतं ‘बेकरीमागची गल्ली’. वाचनालयातून आणलेली, वर गुलाबी छत्री काढलेली कादंबरी. रेवा नावाची मुलगी शहरातलं शिक्षण सोडून गावात येते, मावशीची बंद पडलेली बेकरी चालवायला घेते, आणि गुरांच्या डॉक्टरशी रोज भांडते. तो डॉक्टर पाव खात नाही, तरी रोज पाव न्यायला येतो. एवढीच गोष्ट. पण काय मजा यायची वाचताना! कुणी मरत नाही, कुणाचं वाटोळं होत नाही, नुसती गंमत. मी ती दुसऱ्यांदा वाचत होते. आता असलं काही बापासमोर मोठ्यानं वाचायचं म्हणजे मला घाम फुटला. पण अण्णांनी दोनच पानांत मधे तोंड घातलं.

“बेकरी चालवणारी सात वाजता उठती? आणि भट्टी कधी पेटवणार, जेवायच्या वेळी?”

मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. तिथून जे सुरू झालं, ते झालंच. रोज तीन ते पाच.

एकदा रेवा डॉक्टरच्या अंगावरच्या शर्टाचं बटण लावते, असा प्रसंग आला. अण्णा लगेच म्हणाले, “अंगावरच्या कपड्याला टाका घालू नये. एवढं कळत न्हाई लिहिणाऱ्याला?”

“तोंडात काडी धरायला सांगायची त्याला,” मावशी म्हणाल्या. “म्हणजे दोष लागत न्हाई. तुम्ही न्हवती का धरली, त्या कार्तिकीच्या बाजाराला निघताना?”

“धरली होती,” अण्णा म्हणाले आणि खोकले.

मला त्यात काही दिसलं नाही. बरोबर आहे, मला कसं दिसेल? मी माझ्याच नादात होते.

माझा नाद म्हणजे भरतेश हेरवाडे. वाडीच्या रस्त्याला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. आमच्या मशीनची मोटार जळाली तेव्हा मी ती घेऊन गेले होते, आणि ती दुरुस्त होऊन दोन वर्षं झाली तरी माझं जाणं थांबलं नव्हतं. तो जैन, आम्ही शिंपी. त्याची आई मला ओळखत होती. तिनं भरतेशला स्पष्ट सांगितलं होतं, “पोरगी चांगली आहे, माझी ना नाही. पण तिचा बाप आपल्या दारात येऊन विचारू दे. पळवून आणल्यासारखं मला चालायचं नाही.” म्हणजे सगळं येऊन अडलं होतं अण्णांपाशी.

आणि इकडे इचलकरंजीचं स्थळ ठरत आलं होतं. सूत-व्यापारी, आमच्यातलेच. अण्णांचा चष्मा आला की त्या पुढच्या रविवारी ते मला बघायला यायचे होते. माझ्या हातात होते ते मधले दिवस, बस.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं होतं सरळ. अहो, अण्णा रागीट असते तर मी सांगितलं असतं! भांडले असते, रडले असते, दोन दिवस जेवले नसते. पण अण्णा कधी आवाजच चढवायचे नाहीत. आई गेल्यावर तर आमचं बोलणं मीठ कमी आहे, दूध आलं का, एवढ्यावर आलेलं. अशा माणसापुढे ‘माझं एकावर मन आहे’ हे वाक्य कसं काढायचं? माझी जीभच उचलायची नाही.

पण पुस्तक वाचताना मात्र अण्णा बोलायचे. ह्याचं चुकलं, तिनं असं करायला नको होतं, असा न्याय द्यायचे. मला एका दुपारी अचानक सुचलं. आपण जर हे पुस्तकातूनच विचारलं तर?

खऱ्या पुस्तकात रेवाचा बाप होता दोन ओळींचा. आखातात नोकरीला, पत्र पाठवतो, विषय संपला. मी त्याला विमानात बसवून गावात आणला. त्याला रेवाचं डॉक्टरवरचं प्रेम कळतं. डॉक्टर दुसऱ्या जातीचा. गावात कुजबुज. बाप बेकरीच्या पायरीवर बसून विचार करतो. हे सगळं मी पुस्तकाकडे बघत, मधे मधे पान उलटत, न अडखळता ‘वाचलं’. पान उलटायला मात्र विसरले नाही हं. अण्णांना दिसत नव्हतं, पण मावशी समोर होत्या.

आणि मग मी त्या बापाच्या तोंडी भाषण घातलं. आदल्या दिवशी आंघोळीच्या पाण्यापुढे बसून जुळवलेलं. “लोक चार दिवस बोलतात. पाचव्या दिवशी त्यांना दुसरा विषय मिळतो. पण ज्याला जगायचं असतं त्याला रोज उठून त्याच घरात जगायचं असतं. मग जोडीला माणूस आपल्या मनाचं असावं. त्याला जात बघू नये, वय बघू नये आणि गाव तर मुळीच बघू नये.”

‘वय’ कशाला घातलं होतं मी? नुसतं वजन यावं म्हणून. तीन गोष्टी असल्या की भाषण बरं वाटतं.

मावशींची सुई थांबली होती. अण्णा म्हणाले, “परत वाच.”

“काय?”

“ते शेवटचं. बाप काय म्हणतो ते.”

आता आली का पंचाईत! मी पानावर बोट फिरवत आठवेल तसं म्हटलं. एक-दोन शब्द इकडे तिकडे झाले असतील. अण्णांनी ऐकलं आणि मान हलवली.

“चांगला माणूस हाय,” ते म्हणाले. “उशिरा आला गोष्टीत, पण चांगला हाय.”

मला वाटलं, जिंकलं! संध्याकाळी दळण टाकायच्या निमित्तानं जाऊन भरतेशला सांगून आले, “अण्णा तयार होतायत. आता दोन-चार दिवसांत मी विषय काढते.” तो बिचारा पान्हा हातात धरून नुसता हसत होता.

पण विषय मला काढावाच लागला नाही. चौथ्या दिवशी सकाळी अण्णांनीच हाक मारली. कारागीर अजून यायचा होता, मी चहा घेऊन गेले होते.

“उजे, बस जरा. एक विचारायचंय. तुला विचारल्याशिवाय मी काही करणार न्हाई.”

कुणीतरी सांगितलं वाटतं भरतेशचं.

“त्या रेवाचा बाप म्हणतो, ते खरं असतंय का गं? लोक चार दिवस बोलत्यात आणि गप बसत्यात?”

“खरं असतं की, अण्णा!”

“न्हाई, मी चौथी शिकलेला माणूस. पण मला वाटतं, पुस्तकात छापलंय म्हणजे कुणीतरी दहांदा विचार करूनच छापलं असणार. उगीच कोण असलं लिहील?”

“तर काय. उगीच नाही लिहीत कुणी.” माझी मीच पाठ थोपटत होते.

अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली. हाताला अंदाज नव्हता, थोडा चहा सांडला. मग म्हणाले, “माझ्या मनात हाय, शालनबाईंना इथंच राहा म्हणावं. तसं न्हवं, रीतसर. नृसिंहवाडीला जाऊन चार माणसांदेखत हार घालून. त्यांना मी अजून विचारलेलं न्हाई. पण त्या न्हाई म्हणायच्या न्हाईत असं वाटतंय. तू हो म्हटलंस तर आज दुपारी विचारतो.”

मी काय ऐकलं ते मला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा माझ्या तोंडातून निघालं, “अण्णा! लोक काय म्हणतील?”

होय, हेच. मी. चार दिवसांपूर्वी भाषण देणारी मी.

“काय वय आहे का हे? माझं लग्न व्हायचंय अजून. आधी बापानं बोहल्यावर चढायचं? आणि आईच्या जागी काज-बटणं करणारी बाई आणून बसवणार तुम्ही?” हे शेवटचं तर मी का बोलले देव जाणे. शालनमावशींनी माझी वेणी घातलेली, मला ताप आला तेव्हा उशाशी बसलेल्या. तरी बोलले. आणि सगळ्यावर कडी म्हणजे, “इचलकरंजीची माणसं यायचीत. त्यांना काय तोंड दाखवायचं मी?”

ज्या माणसांनी येऊच नये म्हणून मी रोज देवाला हात जोडत होते, तीच माणसं मी बापाच्या आडवी घातली. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात इचलकरंजी नव्हतीच. भरतेशची आई होती. मुलाच्या होणाऱ्या सासऱ्याचं हे असलं ऐकून ती दार लावून घेईल, माझं जुळलेलं मोडेल, एवढीच मला भीती. माझं झालं पाहिजे, बाकी कुणाचं राहिलं तर राहू दे.

अण्णांनी चाचपडत बशी परत उचलली. मग म्हणाले, “बरं. राहू दे.”

“अण्णा, तसं नव्हे...”

“न्हाई न्हाई, बरोबर हाय तुझं. मी आपलं विचारलं. चहा गार झाला, दुसरा टाक.”

त्या दुपारी मावशी आल्या तेव्हा अण्णा म्हणाले, “आज डोकं जड हाय, वाचन नको.” दुसऱ्या दिवशीही तेच. मावशींनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा अण्णांकडे. तिसऱ्या दिवसापासून त्या कपडे घरी घेऊन जायला लागल्या, पहिल्यासारखे. मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलं.

पंधरा दिवसांनी अण्णांचा चष्मा आला. रविवारी इचलकरंजीचे यायचे होते. मी रात्रंदिवस देव पाण्यात घालून बसलेली. शुक्रवारी सकाळी अण्णा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, टोपी घालून बाहेर पडले. म्हटलं, दवाखान्यात चालले असतील. अकराच्या सुमाराला परत आले, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, “हेरवाड्यांकडं जाऊन आलो.”

माझ्या हातातलं पोलकं खाली पडलं.

“आई चांगली हाय त्याची. म्हणाली, आमच्यात कांदा-लसूण चालायचा न्हाई, पोरीला सांगा. मी म्हटलं, सांगतो.” मग म्हणाले, “इचलकरंजीला निरोप धाडलाय. रविवारचं स्वयंपाकाचं सामान आणू नको.”

मी अण्णांच्या गळ्यात पडून रडले. एवढी लहान असतानाही कधी पडले नव्हते. त्यांना कसं कळलं, कुणी सांगितलं, हे मी विचारलंच नाही. कुरुंदवाड केवढं? कुणीतरी सांगितलं असेल, एवढं धरून चालले. आनंदात माणसाला प्रश्न पडत नाहीत.

वैशाखात माझं लग्न झालं. शालनमावशी आल्या होत्या. मला हिरव्या खणाची चोळी शिवून आणली होती, सगळी हातशिलाई. पुढच्या दिवाळीला माहेरी गेले तर त्या हुपरीला भावाकडे कायमच्या राहायला गेलेल्या. काजं करायला दुसरी कुणीतरी बाई येत होती. अण्णा एकटे भाकरी करून खात होते. मी म्हणायचे, “अण्णा, आमच्याकडे चला राहायला,” आणि ते म्हणायचे, “मशीन कोण बघणार?”

बारा वर्षं गेली अशी. आता अण्णा नाहीत. पण जायच्या आदल्या वर्षी संक्रांतीला आठ दिवस माझ्याकडे आले होते. आम्ही परड्यात उन्हाला बसलो होतो, मी मटार सोलत होते, तेही सोलू लागत होते. माझी थोरली मुलगी आत कसलीतरी कथा मोठ्यानं वाचत होती, शाळेची. ते ऐकता ऐकता मला एकदम राहवेना. इतकी वर्षं गिळलेलं बाहेर आलं.

“अण्णा, त्या पुस्तकात रेवाचा बाप नव्हताच.”

अण्णा शेंग सोलत राहिले.

“म्हणजे होता, दोन ओळींचा. ते गावात येणं, ते भाषण, सगळं मी घुसडलेलं. भरतेशसाठी. तुम्हाला मी फसवलं. आणि तुम्ही खरं धरून विचारायला गेलात, तर मी...”

“ठाऊक हाय,” अण्णा म्हणाले.

“काय ठाऊक आहे?”

“चष्मा आला त्याच दिवशी ते पुस्तक काढून बसलो होतो. तू न्हाई म्हणालीस, ते म्हणालीस. पण म्हटलं, तो बाप काय बोलतोय ते एकदा आपल्या डोळ्यांनी वाचावं. सापडेना. सगळं वाचलं, परत पहिल्यापासनं वाचलं. चार दिवस लागले मला. मग डोक्यात उजेड पडला. पुस्तकात न्हाई म्हणजे पोरीच्या पोटातलं हाय.” त्यांनी दाणे वाटीत टाकले. “डॉक्टर दुसऱ्या जातीचा होता न्हवं तुझ्या गोष्टीत? मग चौकशी केली. हेरवाड्याचं पोरगं सापडलं.”

माझ्या डोळ्यांतून नुसतं पाणी.

“माझंच चुकलं होतं,” ते म्हणाले. “कपडा तू तुझ्या मापाचा बेतला होतास. मी माझ्या अंगाला लावून बघितला. टेलर असून.”

“तसं म्हणू नका हो अण्णा! मी हो म्हणायला पाहिजे होतं. तुम्ही तेव्हाच माझे कान का उपटले नाहीत? हे सगळं तूच लिहिलंस आणि मलाच नको म्हणतीस, असं का नाही म्हणालात?”

“तेव्हा कुठं ठाऊक होतं? आणि ठाऊक झालं तवर तुझं मार्गी लावायचं होतं. दोन्ही एकदम झालं असतं, तर हेरवाड्यांच्या त्या माउलीनं तुला घेतली नसती. तुझी भीती खोटी न्हवती.”

आत मुलगी एका ओळीवर अडखळली, परत वाचायला लागली. मी पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, “मावशींना काय सांगितलंत?”

अण्णांच्या हातातली शेंग सोलून झाली, दुसरी उचलली.

“त्या हुपरीला जायच्या आधी भेटायला आल्या होत्या. विचारलं त्यांनी, त्या गोष्टीचं पुढं काय झालं म्हणून. मी म्हटलं, संपली की. मग म्हणाल्या, मास्तर, शेवट गोड झाला का?”

“मग?”

“झाला, म्हटलं. खोटं कुठं होतं? तुझं लग्न झालं होतं.”